अंदमान: पाच रात्री, किती बेटं? आखणीत मदत हवी आहे

निशिगंधा
फेब्रुवारीत अंदमानला जायचं जवळजवळ पक्कं झालंय. पाच रात्री, सहा दिवस. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आई सत्तरीची आहे, गुडघे कुरकुरतात. पण सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी बघायचं हे तिच्या मनात कित्येक वर्षांपासून आहे. खरं तर त्यासाठीच ही सहल निघाली. लेकीला छान पोहता येतं, मला जेमतेम, नवऱ्याला अजिबात नाही. आणि मला बोट लागते.

एका एजंटने पाठवलेला कार्यक्रम असा आहे. पहिल्या दिवशी पोहोचून जेल. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून बाराटांग. तिसऱ्या दिवशी हॅवलॉक. चौथ्या दिवशी हॅवलॉकहून नील, आणि संध्याकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर. पाचव्या दिवशी परत हॅवलॉक, कारण एलिफंट बीच राहतो म्हणे, तिथेच मुक्काम. सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीने परत आणि दुपारचं विमान. वर "वेळ मिळाल्यास दिगलीपूर" असंही लिहिलंय.

कागदावर भरगच्च वाटतं, पण आईकडे बघून माझं मन धजत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया स्पष्ट सांगा, यातलं काय ठेवू आणि काय गाळू?

माळरान
दिगलीपूर आत्ताच खोडून टाका. उत्तर टोकाला आहे, रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर. रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटं तिथेच आहेत, सुंदर आहेत, पण त्या भागासाठी तीन दिवस वेगळे काढावे लागतात. बाकीचं जाणकार सांगतीलच.

दर्यावर्दी
निशिगंधाताई, नोकरीमुळे मी चार वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा असाच कार्यक्रम घेऊन यायचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नावांचा घोळ मिटवू, नाहीतर तिकिटं काढताना गडबडाल. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरजवळचं रॉस (दिगलीपूरचं नव्हे) म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम झालं. तिकिटावर नवी नावं असतात, तिथल्या माणसांच्या तोंडी अजून जुनीच आहेत. मीही जुनीच लिहितोय, सवयीने.

आता मुद्द्याचं. तिथे दिवस मोजायचा तो बोटींनी. बेटावरून बेटावर जायचा दिवस म्हणजे सामान बांधणं, खोली सोडणं, धक्क्यावर तासभर आधी पोहोचणं, ओळखपत्रं दाखवणं, बोट, उतरल्यावर परत गाडी आणि नवी खोली. प्रत्यक्ष प्रवास दीड-दोन तासांचा असला तरी अर्धा दिवस त्यातच जातो. त्यातून अंधार लवकर पडतो. अंदमान ९२-९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचं, साडेब्याऐंशी अंशांचं, त्यामुळे सूर्य तिथे घड्याळाच्या चाळीसएक मिनिटं पुढे असतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या आसपास. दुपारी दोनला बेटावर उतरलात की हातात तीन-साडेतीन तास उरतात. उलट पहाट लवकर होते, तिचा फायदा घ्या.

एजंटच्या कार्यक्रमात पाच बोटी आहेत आणि हॅवलॉकला दोनदा जाणं आहे. हे अगदी टाळा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील हा त्रिकोण आहे. हॅवलॉक ते नील बोट आहे, नीलहून थेट पोर्ट ब्लेअरलाही आहे. एकच फेरा मारायचा, आल्या वाटेने परतायचं नाही. तीन बोटी, तीन बेटं. पाच रात्रींत याहून जास्त नको. हॅवलॉकला दोन रात्री, नीलला एक, पहिली आणि शेवटची पोर्ट ब्लेअरला. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात, खासगी वेगवान बोटी (कॅटमरान) हॅडो धक्क्यावरून. सरकारी पुष्कळ स्वस्त, पण वेळ जास्त लागतो, आणि ती आधी बेटांवर राहणाऱ्या लोकांची वाहतूक आहे. दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला जाणारी माणसं त्याच बोटीने जातात. आईंना घेऊन जाताय तर खासगी घ्या. आणि क्रम असा ठेवा: आधी बोटींच्या वेळा, मग बोटीची तिकिटं, मग हॉटेल. लोक नेमकं उलटं करतात.

एक मनातलं. हॅवलॉकच्या गावांची नावं बघा: गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. नीलवर भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उठून आलेल्या कुटुंबांना इथे जमिनी दिल्या गेल्या. एका बेटावर कृष्णकथा, दुसऱ्यावर रामायण. मला ही नावं वाचताना नेहमी भरून यायचं. घरदार गेलेल्या माणसांनी सोबत काय आणलं असेल, ते या पाट्यांवर दिसतं.

शुभदा_क
दर्यावर्दींनी शेवटच्या रात्रीबद्दल लिहिलंय, त्यावर आमचा अनुभव सांगते. नोव्हेंबरचा शेवट होता. आम्ही हॅवलॉकला, विमान दुसऱ्या दिवशी दुपारी दीडचं, बोट सकाळची. रात्री वारा सुटला. सकाळी धक्क्यावर गेलो तर फळ्यावर खडूने लिहिलेलं: आज बोट नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. दोन दिवस बोटी बंद. विमानाचे पैसे गेले, नवी तिकिटं तिप्पट भावाने घ्यावी लागली. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी मोजून आणली होती, ती संपली. बेटावरच्या सरकारी दवाखान्यात गोळी मिळाली म्हणून निभावलं.

कुणाची चूक नव्हती, समुद्र खवळला की बोट सोडत नाहीत हे बरोबरच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये तर हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉकला अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली होती. फेब्रुवारीत समुद्र पुष्कळ शांत असतो, तरी परतीची बोट आणि विमान एका दिवशी ठेवू नका. औषधं चार दिवसांची जास्त घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, नीलवर विशेषतः. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकचं नेट सुधारलं, पण फोनवरून पैसे देता येतीलच या भरवशावर राहू नका.

पाणकावळा
वाचतोय, छान माहिती जमतेय. पाण्याखालचं मी सांगतो, कारण त्यात एक गोष्ट बरेचजण विसरतात. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात शरीरात नायट्रोजन विरघळतो, वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांध्यांत किंवा मज्जारज्जूत अडकले तर फार वाईट. म्हणून स्कूबा हॅवलॉकलाच उरकायचं, शेवटच्या दिवसावर ढकलायचं नाही.

तुमची लेक नऊ वर्षांची, म्हणजे समुद्रातलं स्कूबा नाही. त्यासाठी दहा पूर्ण लागतात. तिने हट्ट केला आणि कुणी "चालतं हो" म्हणालं तरी पाठवू नका. स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून वरच तरंगत खाली बघणं) मात्र भरपूर करू द्या, पोहता येणाऱ्या मुलीला त्यातच खरी मजा आहे. तोंडावरचा मास्क आधी घरी बादलीत तोंड बुडवून वापरून बघा. नाकाने श्वास घ्यायची सवय सुटायला मुलांना दोन दिवस लागतात, मोठ्यांना त्याहून जास्त.

तुमच्या नवऱ्याला पोहता येत नसलं तरी पहिल्यांदा करणाऱ्यांना प्रशिक्षक धरूनच नेतात, १२ मीटरपेक्षा खोल नाही. दमा, कानाचं दुखणं, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यातलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल तर सरळ रद्द करा. कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडदा फाटू शकतो. खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी.

आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही. दगड वाटतो, पण तो जिवंत असतो, आणि वर्षाला बोटभरही वाढत नाही. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. २०१६ मध्ये पुन्हा. एलिफंट बीचला उथळ पाण्यात जे मोडकं, करडं दिसतं त्यात माणसांच्या पायांचाही वाटा आहे. मी २००८ ला पाहिलेलं आणि नंतर पाहिलेलं, यात इतका फरक होता की वर आल्यावर बराच वेळ बोलावंसं वाटलं नाही.

गारवा
बाराटांग गाळावं असं मला नाही वाटत. आम्ही गेलो होतो. खारफुटीच्या बोगद्यातून होडी जाते, दोन्ही बाजूंनी फांद्या डोक्यावर येतात, आणि पुढे चुनखडीच्या गुहा. मुलांना फार आवडतं.

दर्यावर्दी
गारवा, जागा सुंदर आहे यात वाद नाही. पण पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या ताफ्यासाठी थांबायचं, मग जंगलातून गाडी, मग खाडी ओलांडायला बोट, मग दुसरी होडी, मग दीडएक किलोमीटर चाल, आणि हे सगळं उलट. ताईंच्या आईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही.

दुसरं कारण माझ्यासाठी मोठं आहे. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ते लोक कित्येक हजार वर्षं त्या बेटांवर आहेत आणि बाहेरच्यांशी त्यांचा शांततेचा संबंध सुरू झाला तो १९९८ च्या आसपास. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातून जाणारा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. आजही ताफे जातात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही, असे नियम आहेत. पण मी त्या ताफ्यात कामासाठी अनेकदा बसलोय, आणि काच खाली करून "दिसले का, दिसले का" म्हणणारी माणसं पाहिलीत. एकदा रस्त्याच्या कडेला एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. आमच्या पुढची गाडी हळू झाली आणि तिने लेकराचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं. त्यानंतर मी कुठल्याही पाहुण्याला तिकडे नेलं नाही.

गारवा
हे मला माहीत नव्हतं. आमच्या गाडीतही लोक काचेला नाक लावून बसले होते, आणि आम्ही त्यातलेच होतो. खारफुटी बघायला दुसरीकडे कुठे जाता येईल?

दर्यावर्दी
चिडिया टापूला जाताना वाटेत खाड्या लागतात, तिथे दिसते. संध्याकाळी पक्षीही भरपूर. पोर्ट ब्लेअरपासून पंचवीसएक किलोमीटर, आणि गाडी थेट किनाऱ्यापर्यंत जाते.

सुमती_आजी
मी अडुसष्टाव्या वर्षी जाऊन आले, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. आईंसाठी चार गोष्टी सांगते.

बोटीत चढण्यापेक्षा उतरताना सांभाळायचं. भरती असली की बोट धक्क्याच्या पातळीला येते, ओहोटीला खाली जाते, आणि मधली फळी उतरती होते. घाई करायची नाही. सगळे गेल्यावर शेवटी उतरायचं, खलाशी हात देतात. सामान हातात ठेवायचं नाही, दोन्ही हात मोकळे हवेत.

एलिफंट बीचला मी गेले नाही. छोटी होडी लाटेवर हलते आणि चढता-उतरताना पाय उचलून टाकावा लागतो. त्याऐवजी राधानगरला बसून राहिले. मऊ वाळू, मागे उंचच उंच समुद्री महुआची झाडं, त्यांची सावली. २०२० साली ब्ल्यू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळाल्यापासून तिथे स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्या नीट आहेत. आमच्या वयाला हे फार महत्त्वाचं. मात्र संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत आणि आठवडाभर खाजतं. पाय झाकून बसावं.

जेलमध्ये पायऱ्या आहेत, तीन मजले. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. मी दर मजल्यावर दहा मिनिटं टेकले आणि गेले. आईंनाही जमेल, सकाळी जाऊ द्या, ताज्या पायांनी. उन्हं चढल्यावर नको. आणि ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी ठेवा, म्हणजे दिवसा पाहिलेल्या भिंती रात्री बोलतात.

निशिगंधा
सगळ्यांचे किती आभार मानू! सुमतीआजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. "शेवटी उतरायचं" हे तिने दोनदा म्हणून घेतलं.

बाराटांग आणि दिगलीपूर गेले. नवी आखणी: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक दोन, नील एक, शेवटची पोर्ट ब्लेअर. जेल पाचव्या-सहाव्या दिवसात, सकाळी. नीलला तो दगडी नैसर्गिक पूल आहे तो बघायचा आहे, पण म्हणे ओहोटीलाच जाता येतं. हे आधी कसं कळणार? आम्ही पौर्णिमेच्या दिवशी पोहोचतोय, म्हणजे नीलला तृतीया-चतुर्थी येते.

भांगभरती
तिथी दिलीत हे उत्तम केलंत. पुलाच्या पायथ्याशी जायला पाणी चांगलं खाली जावं लागतं. उधाणाची भरती जितकी वर चढते तितकीच तिची ओहोटी खाली उतरते. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी हा फरक सगळ्यात जास्त असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ना धड चढत ना धड उतरत, तेव्हा पुलाखालची बरीच कुंडं बुडालेलीच राहतात.

वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे भरतीची वेळ, हा आपला ठोकताळा तिथे जसाच्या तसा वापरू नका, प्रत्येक बंदराचं गणित वेगळं. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळतं, नेटवरही दिसतं. तुमच्या तारखांना बघा.

माझं मत, फेरा उलटा करा. आधी नील, मग हॅवलॉक. म्हणजे नीलची सकाळ द्वितीयेला येईल आणि ओहोटी पहाटे उजाडताना, उधाणाची. तीन-चार तासांनी पाणी परत भरलं की भरतपूरच्या किनाऱ्यावर जा. तिथे उलट पाणी हवं, ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं आणि पोहता येत नाही. हॅवलॉकलाही हाच फरक आहे. पूर्वेकडच्या विजयनगरला ओहोटीत समुद्र लांबवर मागे जातो, गुडघाभर पाण्यात नुसतं चालत राहावं लागतं. पश्चिमेकडच्या राधानगरला कधीही पोहता येतं, फक्त लाटा आणि जीवरक्षक बघून. तिथल्याच नील्स कोव्ह भागात पोहू नका. २०१० मध्ये तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. पाटी लावलेली असेल तिथे पाण्यात पाय घालायचा नाही.

पाणकावळा
उलट्या फेऱ्याला माझाही पाठिंबा. स्कूबा चौथ्या दिवशी सकाळी येईल आणि विमान सहाव्या दिवशी. अंतर भरपूर.

माळरान
बोट लागते म्हणालात, त्याचं कुणी लिहिलं नाही. गोळी बोट सुटायच्या तासभर आधी, लागायला लागल्यावर उपयोग नाही. मधली, खालच्या मजल्यावरची जागा मागा. फोन बघू नका, क्षितिजाकडे बघा. रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब जेवूनही नाही.

निशिगंधा
परत आलो. तीन आठवडे झाले, आज लिहायला बसले.

फेरा उलटाच केला. दोन बोटी शांत गेल्या. हॅवलॉकहून परतीची बोट वाऱ्यामुळे अडीच तास उशिरा सुटली. विमान दुसऱ्या दिवशी होतं म्हणून आम्ही धक्क्यावर शहाळी पीत बसलो. शुभदाताई, त्या अडीच तासांत तुमची फार आठवण झाली.

नीलला साडेपाचला निघालो, अजून झुंजूमुंजू होतं. गावातले लोक त्या पुलाला हावडा ब्रिज म्हणतात. वाट मेलेल्या प्रवाळाची, धारदार आणि शेवाळलेली, जाड तळाच्या सँडल हव्यातच. आई अलीकडे झाडाखाली ओंडक्यावर बसली. वाटाड्या मुलगा आम्हाला एका खळग्याजवळ घेऊन गेला. परातीएवढं पाणी. पहिल्यांदा काहीच दिसेना. तो म्हणाला, सावली पडू देऊ नका, थांबा. लेक गुडघ्यांवर बसली. मिनिटभराने एका दगडाखालून छोटा खेकडा आला, मग निळ्या ओठांचा एक शिंपला सावकाश उघडला, आणि मी ज्याला काळी काठी समजत होते ती समुद्रकाकडी निघाली. दुसऱ्या एका गटातल्या माणसाने काकडी उचलून फोटो काढला. आमच्या लेकीने त्याला सांगितलं, "काका, तिला परत ठेवा, तिथेच, जशी होती तशी." त्यांनी ठेवली.

येताना तिने वाळूतला एक रिकामा शंख खिशात घातला होता. वाटाड्याने समजावलं की शंख-प्रवाळ न्यायला बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात, आणि रिकाम्या शंखात पुढे संन्यासी खेकडा घर करतो. तिने तो त्याच खळग्याच्या काठाला ठेवला.

जेल सहाव्या दिवशी सकाळी, दार उघडल्याबरोबर. त्यासाठीच विमान दुपारचं घेतलं होतं. ध्वनिप्रकाश आदल्याच रात्री झाला, क्रम उलटा झाला पण बिघडलं काही नाही. सायकलच्या आऱ्यांसारख्या सात बाजू होत्या, आता तीनच उरल्यात. एका बाजूच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कुणाला कुणाचा चेहरा दिसू नये. सुमतीआजी, आई दर मजल्यावर टेकत टेकत वर गेली. वरच्या कोठडीत दहा मिनिटं उभी होती, बसली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली की खिडकी फार उंचावर आहे.

फोटो वेगळ्या धाग्यात टाकते. आणि गारवा, चिडिया टापूला गेलो होतो. खारफुटी दिसली, धनेशाची एक जोडीही. त्या रस्त्यावरच्या पुलाच्या पुढच्या वळणावर गाडी थांबवा, तिथून खाडी सगळ्यात छान दिसते.